खोक्यावर लिहिले होते ‘सकलातवाला : वैयक्तिक कागदपत्रे’

४ जानेवारी २०२५, शनिवार

लंडनच्या बॅटरसी भागातील एका वृद्ध बाईंनी घर आवरताना माळ्यावरचा एक पुठ्ठ्याचा खोका माझ्या हवाली केला. त्यांचे दिवंगत पती कामगार संघटनेत होते आणि हा खोका त्यांना दुसऱ्या कोणाकडून तरी मिळाला होता, यापलीकडे बाईंना काही ठाऊक नव्हते. मी मुंबईचा आणि खोक्यातला माणूसही मुंबईचा, एवढाच माझा अधिकार. झाकणावर निळ्या अक्षरांत इंग्रजीत ‘सकलातवाला : वैयक्तिक कागदपत्रे’ असे लिहिलेले आहे.

शापूरजी सकलातवाला हे जमशेटजी टाटांचे भाचे. १८७४ साली मुंबईत त्यांचा जन्म झाला, १९०५ मध्ये ते विलायतेत आले आणि १९२२ मध्ये बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले. दादाभाई नौरोजी आणि मंचरजी भावनगरी यांच्यानंतरचे कॉमन्स या कनिष्ठ सभागृहातले ते तिसरे हिंदुस्थानी सभासद. तिघेही पारशी, पण एक लिबरल, दुसरा कॉन्झर्व्हेटिव्ह आणि तिसरा कम्युनिस्ट.

मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. अभिलेखागाराचे कोणतेही शिक्षण मी घेतलेले नाही. शनिवारी-रविवारी बसून या कागदांची यादी करायची, त्यांची झीज थांबेल इतपत व्यवस्था लावायची, स्कॅन करायचे आणि सगळे स्थानिक इतिहासाच्या एखाद्या संग्रहालयाकडे सोपवायचे, असा बेत आहे. असाच खोका हाती आलेल्या माणसाला उपयोग व्हावा म्हणून ही नोंदवही ठेवत आहे.

पहिल्याच दिवशी मी सगळा खोका जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि सात तास बसून कागद वर्षवार लावले. रात्री सहा नीटस गठ्ठे पाहून स्वतःवर फार खूश होतो.

५ जानेवारी, रविवार

अभिलेखागारात काम केलेल्या एका परिचितांना फोन करून कालची कामगिरी सांगितली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोका उघडलात तेव्हा कागद कोणत्या क्रमाने होते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवला होता, कशात गुंडाळला होता, कोणत्या टाचणीने कशाला जोडला होता, हीच पुष्कळदा तो कोणी आणि का जपला याची एकमेव खूण असते, आणि ती मी एका दिवसात पुसून टाकली होती.

थोडे नुकसान टळले ते योगायोगाने. खोका उघडताना बहिणीला दाखवण्यासाठी मी फोनवर ३१ छायाचित्रे काढली होती. ती संगणकावर मोठी करून, कोपरे, डाग आणि घड्या जुळवत मूळ क्रम परत लावायला बसलो आहे. ज्यांना पुढेमागे हे काम करायचे आहे त्यांनी प्रत्येक थर उचलण्याआधी छायाचित्र काढावे, आणि गठ्ठे लावण्याची ऊर्मी आवरावी.

१८ जानेवारी, शनिवार

क्रम लावण्यात दोन शनिवार-रविवार गेले. एकूण १४३ वस्तू निघाल्या: ८८ कात्रणे (त्यांतली बरीचशी एका काळ्या पानांच्या चिकटवहीत), २१ प्रचारपत्रके, घरोघरी फिरून मते अजमावण्याची १७ कार्डे, ९ छायाचित्रे व पोस्टकार्डे, ५ पुस्तिका, टंकलिखित पत्राची एक कार्बन प्रत, एक बिल्ला आणि एक लाल फीत. यांपैकी ९८ वस्तूंची जागा खात्रीने सापडली. उरलेल्या ४५ एका फोल्डरमध्ये ठेवून त्यावर ‘मूळ क्रम नष्ट, ४ जानेवारी २०२५’ असे पेन्सिलीने लिहिले. नाव लिहिले नाही, पण गुन्हेगार कोण हे यादीत नमूद केले आहे.

चिकटवहीच्या सांध्यात कसर दिसली. त्या काळी कात्रणे पिठाच्या खळीने चिकटवत आणि कसरीला खळ प्रिय. परिचितांच्या सांगण्यावरून चिकटवही आणि सुटी कात्रणे दुहेरी पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवड्यांसाठी ठेवली. छायाचित्रे आणि बिल्ला त्यात घातलेले नाहीत. घरातल्या मंडळींनी वाटाण्याच्या पाकिटांशेजारी एका कम्युनिस्ट खासदाराला ठेवण्याबद्दल नापसंती व्यक्त केली.

१९ जानेवारी, रविवार

टाचण्या आणि स्टेपल काढण्याचा दिवस. गंजलेली टाचणी सरळ ओढली की गंजाने धरलेला कागद तिच्याबरोबर येतो. पहिल्या पत्रकाचा कोपरा असाच गेला. नंतरची पद्धत अशी: टाचणीच्या दोन्ही बाजूंना पातळ पॉलिस्टरची पट्टी सरकवायची, म्हणजे धातू आणि कागद यांच्यात पडदा येतो, आणि मग बोथट पात्याने टाचणी हळूच उचलायची. पुस्तिकांच्या कण्यातले स्टेपल मागून पाय सरळ करून काढले. सकलातवाला १९२७ मध्ये हिंदुस्थानात आले असताना त्यांचा गांधींशी जो खरमरीत पत्रव्यवहार झाला, त्याची त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाने काढलेली पुस्तिका यात आहे. तिच्या मधल्या पानावर स्टेपलने तपकिरी छिद्र पाडले आहे. गंजाचा डाग काढण्याचा प्रयत्न मी केला नाही आणि कोणी घरी करूही नये.

२५ जानेवारी, शनिवार

आज एक खर्चिक मूर्खपणा उघडकीस आला. गेल्या आठवड्यात छायाचित्रांसाठी स्टेशनरीच्या दुकानातून नऊ पाउंडांची पारदर्शक पाकिटे आणली होती. ती पीव्हीसीची निघाली. उघडताच नव्या रेनकोटासारखा वास येत होता, तेव्हाच कळायला हवे होते. या प्लास्टिकमधून बाहेर पडणारी द्रव्ये छायाचित्रांना घातक असतात आणि छापील शाई त्याला चिकटून उचलली जाते. एका पत्रकाच्या मथळ्याचा पुसट ठसा पाकिटाच्या आत उमटलेला होता. पाकिटे फेकली. आता ३१ पाउंडांची पॉलिस्टर पाकिटे, २२ पाउंडांचे आम्लमुक्त फोल्डर आणि प्रत्येकी १४ पाउंडांचे दोन आम्लमुक्त खोके मागवले आहेत. लॅमिनेशन तर विसराच.

१ फेब्रुवारी, शनिवार

दहापट मोठे करून दाखवणारे भिंग बारा पाउंडांना घेतले. या प्रकल्पातली ही सर्वांत चांगली खरेदी.

एका पोस्टकार्डावर सकलातवालांची छबी आणि खाली काळी सही आहे. चार आठवडे मी ती त्यांच्या हातची सही समजून चालत होतो आणि दोन मित्रांना तसे कळवूनही बसलो होतो. भिंगाखाली सहीची रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखी सपाट दिसली. निबावरचा दाब कुठे वाढलेला नाही, शाई तंतूंत पसरलेली नाही, आणि जिथे एक फटकारा दुसऱ्याला छेदतो तिथे शाई दाट झालेली नाही. ती सही छापील आहे. मित्रांना दुरुस्तीपत्र पाठवले.

भिंग हातात होतेच, म्हणून झाकणावरचे शीर्षकही पाहिले. निळ्या रेघेच्या मधोमध बारीक पांढरी चीर, पुठ्ठ्यात उमटलेली खोबण आणि वळणांवर साचलेले शाईचे ठिपके, म्हणजे हे बॉलपेन आहे. ब्रिटनच्या दुकानांत बॉलपेन आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि सकलातवालांचे निधन १६ जानेवारी १९३६ रोजी झाले. म्हणजे ‘वैयक्तिक कागदपत्रे’ हा शब्दप्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर निदान नऊ-दहा वर्षांनी दुसऱ्याच कोणी केलेला आहे. महिनाभर मी या संग्रहाला त्याच नावाने हाक मारत होतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

चिकटवही फ्रीझरमधून गेल्या शनिवारीच काढली, पण पिशवी न उघडता आठवडाभर खोलीत ठेवली, नाहीतर थंड कागदावर दव धरते. आज पाने उलटली. पहिल्या निम्म्या पानांत कात्रणे खळीने चिकटवलेली आहेत. पुढे मात्र सेलोटेप आहे, आता मधासारखी तपकिरी झालेली; तिची वरची पट्टी वाळून आपसूक गळते आणि खाली चिकटा राहतो. सेलोटेप इंग्लंडमध्ये १९३७ पासून बनू लागली. तेव्हा १९२५-२६ ची कात्रणे टेपने चिकटवलेली असतील, तर ती बातमी आली त्या दिवशी चिकटवलेली नाहीत. अर्थात टेप ही जुन्या पानांची डागडुजीही असू शकते, म्हणून प्रत्येक कात्रण तिरक्या प्रकाशात पाहिले. त्यांच्याखाली खळीचा खडबडीतपणा कुठेच नाही. कोणीतरी सुटी कात्रणे वर्षानुवर्षे जपली आणि सकलातवाला गेल्यानंतर ती वहीत लावून काढली.

या भागातली कात्रणे वाचायला मात्र रंजक आहेत. १९२५ मध्ये आंतर-संसदीय परिषदेसाठी ते अमेरिकेला निघाले असताना अमेरिकी सरकारने त्यांचा व्हिसा रद्द केला, त्याच्या बातम्या एकाखाली एक आहेत. १९२६ च्या पानांत सार्वत्रिक संपाच्या काळात सरकारने काढलेल्या ‘ब्रिटिश गॅझेट’चा एक अंक चौघडी करून खोचलेला आहे. १ मे रोजी हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणासाठी सकलातवालांना ४ तारखेला अटक झाली आणि ६ तारखेला दोन महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी वर्मवुड स्क्रब्जच्या तुरुंगात भोगली. त्या दिवसांत नेहमीची वृत्तपत्रे जवळजवळ बंद होती, म्हणून या आठवड्याची कात्रणे एवढी विरळ आहेत. मी आधी हा संग्राहकाचा हलगर्जीपणा समजलो होतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस वाईट गेला.

एका पत्रकाचा वरचा अर्धा भागच माझ्याकडे होता: छबी, नाव आणि ‘बुधवारी मत द्या’. १९२२ चे मतदान १५ नोव्हेंबरला, म्हणजे बुधवारी झाले होते, म्हणून यादीत १९२२ लिहून टाकले होते. आज वहीत एका कात्रणाआडून तशाच गुलाबी कागदाची कड डोकावताना दिसली. ते कात्रण सोडवण्यासाठी ओलसर टीपकागद दहा मिनिटे त्यावर ठेवला. खळ सुटली, पण कात्रणाच्या समासात जी साधी पेन्सिलीची नोंद वाटत होती ती डोळ्यांदेखत जांभळी होऊन पसरली. ती कॉपिंग पेन्सिल होती. कोरडी असताना ती शिशासारखी करडी दिसते आणि पाणी लागताच आतला रंग सुटतो. ओल देण्याआधी प्रत्येक अक्षरावर कापसाच्या बोळ्याच्या टोकाने एक थेंब लावून पाहायचा, हे मी वाचलेले होते. घाई केली. नोंदीतला आकडा आता वाचता येत नाही. फोनवरच्या छायाचित्रात तो अर्धवट दिसतो, ‘२’ किंवा ‘७’.

त्या किमतीत मिळाला तो पत्रकाचा खालचा अर्धा भाग. फाटलेली कड वरच्या भागाशी तंतोतंत जुळली. त्यात प्रतिस्पर्धी हॉगबिन यांचा उल्लेख ‘कॉन्स्टिट्यूशनलिस्ट’ असा आहे. हॉगबिन १९२२, १९२३ आणि १९२४ या तिन्ही निवडणुकांत सकलातवालांविरुद्ध उभे होते, पण दर वेळी वेगळ्या झेंड्याखाली: आधी नॅशनल लिबरल, मग लिबरल, आणि १९२४ मध्ये कॉन्स्टिट्यूशनलिस्ट. १९२३ मध्ये ते १८६ मतांनी जिंकलेही होते. १९२४ चे मतदान २९ ऑक्टोबरला झाले आणि तोही बुधवारच. म्हणजे पत्रक १९२४ चे, सकलातवाला लेबर पक्षाच्या अधिकृत उमेदवारीशिवाय उघडपणे कम्युनिस्ट म्हणून लढले आणि जिंकले त्या निवडणुकीचे. वारावरून वर्ष ठरवू नये. मी ठरवले होते, आणि आणखी चार पत्रकांचे वर्ष त्याच आधाराने लिहिले होते. चारही परत तपासली, त्यांतली दोन चुकलेली निघाली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

‘किरकोळ’ म्हणून बाजूला ठेवलेल्या पाकिटात एक गुजराती कात्रण होते. मला गुजराती अक्षर लावून लावून वाचता येते, पण अर्थ धड लागेना, म्हणून छायाचित्र काढून दादर पारशी कॉलनीतल्या एका जुन्या स्नेह्याला पाठवले. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. कात्रण १९२७ चे असून सकलातवालांच्या मुलांच्या नवजोतविषयी आहे. हा समारंभ लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये झाला होता, आणि कम्युनिस्ट पक्षाचा खासदार आपल्या मुलांना झरथोष्ट्री दीक्षा देतो म्हणून पक्षाने त्यांची जाहीर कानउघाडणी केली होती. स्नेह्याने वर विचारले, “आणि हे तू किरकोळमध्ये टाकलंस?”

मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. बाकीची ८७ कात्रणे इंग्रजी आहेत. प्रचारकार्डांच्या मागे पेन्सिलीच्या उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारलेली मोजणी आहे, लॅचमिअर भागातल्या गल्ल्यांची नावे आहेत, आणि ते हस्ताक्षर वहीतल्या नोंदींशी जुळते. हा संग्रह बॅटरसीत दारोदार मते मागत फिरलेल्या एका कार्यकर्त्याचा आहे. त्या माणसाकडे गुजराती वर्तमानपत्र कुठून येणार? हे एक कात्रण तरी सकलातवालांच्या घरातून, बहुधा त्यांच्याच हातून, त्याच्याकडे आले असावे. सिद्ध करता येणार नाही; यादीत ‘असावे’ असेच लिहिले आहे.

१ मार्च, शनिवार

स्कॅनिंग सुरू केले. ६०० डीपीआय, टिफ फाइल, दोन्ही बाजू. कात्रणांची मागची बाजू कोरी नसते, आणि तिच्यावरच्या अर्ध्या जाहिरातीवरून तारीख लागू शकते, म्हणून ती सोडू नये. पहिल्या दिवशी ४० झाली, त्यांतली ११ परत करावी लागली, कारण स्कॅनरचे ‘आपोआप उजळ करा’ हे बटण चालू राहिले होते आणि पेन्सिलीच्या नोंदी उडाल्या होत्या.

कार्बन प्रतीच्या पत्राविषयी मात्र थांबलो. त्याखाली सकलातवालांचे नाव टंकलेले आहे, सही नाही. त्यांच्या हयातीत छापून आलेल्या लेखनाचे हक्क २००६ अखेर संपले. परंतु लेखक १९६९ पूर्वी वारला असेल आणि पत्र १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिले असेल, तर इथल्या कायद्याने त्याचे हक्क २०३९ अखेरपर्यंत टिकतात. म्हणून स्कॅन केले, पण ते कोणालाही पाठवलेले नाही आणि त्यातला मजकूर इथेही देत नाही. खोक्यात त्यांच्या घरातून आलेली असू शकेल अशी ही दुसरी वस्तू, आणि शेवटची.

१५ मार्च, शनिवार

लाल फीत. पाण्यात धुऊन इस्त्री करावी असे घरातून सुचवण्यात आले. कॉपिंग पेन्सिलीचा धडा ताजा असल्याने आधी ओला टीपकागद एका टोकाला टेकवला. टीपकागद गुलाबी झाला. फीत आहे तशी आम्लमुक्त कागदावर सपाट ठेवली, मधल्या घडीत कागदाची सुरळी घातली. बिल्ल्याची पिन गंजलेली आहे, म्हणून तो वेगळ्या डबीत.

२९ मार्च, शनिवार

यादी पूर्ण झाली, पण शीर्षकापाशी दोन तास अडलो. सकलातवालांची खरी वैयक्तिक कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गुप्तचर खात्याने त्यांची पत्रे फोडून, नक्कल करून ठेवलेल्या फाइली केव येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. (मूळ क्रम कसा जपावा हे शिकायचे असेल तर पोलिसांसारखा गुरू नाही.) त्या दोन्हींच्या पंक्तीला हा खोका ‘वैयक्तिक’ म्हणून बसवला, तर पुढचा अभ्यासक माझ्याप्रमाणेच फसेल. उलट, दोन निवडणुका जिंकून देणाऱ्या गल्लीबोळातल्या माणसाची बाजू त्या दोन्ही मोठ्या संग्रहांत शोधावी लागेल आणि इथे ती हाताशी आहे. त्याचे नाव कुठेच नाही. सतराही कार्डांवर ज्या जागी कार्यकर्त्याने आपले नाव लिहायचे ती जागा कोरी आहे.

शीर्षक असे ठरवले: ‘बॅटरसी नॉर्थमधील एका अज्ञात प्रचारकाने जमवलेली शापूरजी सकलातवाला यांच्याविषयीची कागदपत्रे, मुख्यतः १९२२–१९२७’. खोक्याचे जुने झाकण फेकले नाही. बॉलपेनचे ते शीर्षक खोटे असले तरी संग्रहाच्या प्रवासाचाच भाग आहे, म्हणून झाकण कापून सपाट करून १४४ वी वस्तू म्हणून नोंदवले.

खर्च: खोके २८, फोल्डर २२, पॉलिस्टर पाकिटे ३१, भिंग १२, वाया गेलेली पाकिटे ९, एकूण १०२ पाउंड. वेळ: ८६ तास, त्यांतले निदान २५ माझ्याच चुका निस्तरण्यात.

१२ एप्रिल, शनिवार

दोन्ही खोके स्थानिक इतिहासाच्या संग्रहालयाकडे सोपवले. तिथल्या बाईंनी पहिला फोल्डर उघडला आणि ‘मूळ क्रम नष्ट’ हे वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी ३१ छायाचित्रांची पेनड्राइव्ह पुढे केली. त्यांनी पावतीवर तिची वेगळी नोंद केली, खोके ढकलगाडीवर ठेवले आणि आत नेले.